मदत हवी आहे : ताशा सोडायचा नाही आणि कानही घालवायचे नाहीत. तुम्ही कुठले इअरप्लग वापरता?

ताशेवाली

नमस्कार मंडळी. पुण्यात एका पथकात सात वर्षं वाजवतेय. पहिली दोन वर्षं ढोल, मग ताशा. वय ३१.

आमचा सराव नदीपात्रात पुलाखाली चालतो. नऊ दिवसांपूर्वी रविवारी पाऊस लागला म्हणून सगळे ढोल आत, खांबांच्या मध्ये ओढून घेतले. डोक्यावर काँक्रीट आणि माझ्या डाव्या हाताला ठोकून वाजवायचा धातूचा टोल, जेमतेम हातभर अंतरावर. सव्वादोन तास वाजवलं. घरी आले, आईने कुकरकडे लक्ष ठेव म्हणून सांगितलं. मी ओट्यापाशीच उभी होते आणि शिट्ट्या किती झाल्या ते मला कळलं नाही. रात्री उशीवर डोकं टेकलं तर डाव्या कानात बारीक, अखंड सूंऽऽ. असं पूर्वीही व्हायचं, पण सकाळपर्यंत जायचं. या वेळी गेलं नाही. आत्ता हे लिहितानाही आहे.

तिसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. कानाची तपासणी झाली. उजवा कान ठीक आहे. डाव्याच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा आहे, ३५ डेसिबलपर्यंत गेलेला, म्हणजे तो उंच स्वर तेवढा मोठा केल्यावरच मला ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, वाजवणं बंद करा. पुढचा पेशंट आत आला.

बंद करणं मला जमणार नाही. वर्षभर ऑफिसात बसलेली मी, आषाढात वाद्यपूजन झालं की माणसात येते. बेलबाग चौकात शंभर पावलं एका ठेक्यावर थांबतात तेव्हा जे होतं ते मला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. पण ३१ व्या वर्षी कानही घालवायचे नाहीत.

म्हणून सेफ्टीच्या सामानाच्या दुकानातून फोमचे पिवळे बोळे आणले आणि गुरुवारी घालून उभी राहिले. माझा स्वतःचा श्वास मोठा झाला, काडी पडली की कवटीत ठक्क व्हायचं, आणि बाकी सगळं गोधडीखाली गेल्यासारखं. हात, म्हणजे ठेका, बदलायचा इशारा शेजारच्या ताशाने दिला, तो मला आलाच नाही. मी जुन्याच हातावर राहिले, मागचे ढोल दोन तुकड्यांत फुटले. कोणी काही बोललं नाही, पण मी बोळे काढून खिशात टाकले.

फोनवरच्या मोजणीच्या अ‍ॅपमध्ये माझ्या जागेवर १०९ डेसिबल दिसतात.

मला विचारायचंय ते हे. फिल्टरवाले म्युझिशियन प्लग मिळतात, त्यांनी खरंच फरक पडतो का? ताशा नीट ऐकू येतो का? घाम, पाऊस, फेटा यांत ते टिकतात का? आणि पथकातल्या बाकीच्यांना कसं तयार करायचं? आमच्याकडे तेरा-चौदा वर्षांची मुलंही झांज घेऊन उभी असतात.

पुलाखालचा ढोल

ताई, मी अठरा वर्षं ढोल वाजवला. आता ४४ चा आहे. आमच्या वेळी कानात कापसाचा बोळा घालायचे, तेही एखाद-दुसराच. बाकीच्यांना वाटायचं कान सुन्न झाले म्हणजे वादन रंगलं.

मला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. लोक इथेच चुकतात, त्यांना बहिरेपण म्हणजे शांतता वाटते. माझी मुलगी बोलते तेव्हा तिचे स, श, फ गळून पडतात. 'सात' म्हणाली की 'हात', वाक्यावरून अंदाज बांधायचा. लग्नाच्या हॉलमध्ये मी नुसता हसून मान हलवतो. फोन फक्त डाव्या कानाला लावतो. तुमचा ४००० चा खड्डा वाचला आणि पोटात कालवलं, कारण माझ्या पहिल्या तपासणीतही नेमकं तेच होतं. मी पुढे तीन गणपती आणखी वाजवले. तुम्ही नवव्या दिवशी विचारताय, हे फार चांगलं केलंत.

कानगोष्टी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू येणं तपासणारी. थोडं सविस्तर लिहिते, कारण घाईत सांगितलं तर हे पटत नाही.

आधी तुमच्या १०९ चं बोलू. फोनचं मोजमाप पाच-सहा डेसिबल इकडेतिकडे असू शकतं, तरी हिशेबाला धरू. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, कारण ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. १०९ ला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तुम्ही सव्वादोन तास उभ्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जो निकष काढला, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असं आहे.

आत काय होतं? आतल्या कानाच्या शंखात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या थकल्या तर काही तासांत, काही दिवसांत सावरतात. मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने होणारी इजा बहुतेकदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसते, म्हणून तो ४००० चा खड्डा. मोठा आवाज आला की कानातला एक छोटा स्नायू आवळून थोडं रक्षण करतो, पण त्याला क्षणाचा उशीर लागतो. ताशाची काडी आणि टोलचा ठोका त्याच्या आधीच आत पोचलेले असतात.

तुमचा खड्डा कायमचा आहे की नाही हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पुढचे दोन-तीन आठवडे कानांना पूर्ण विश्रांती द्या, हेडफोनही नको, मग पुन्हा तपासणी करा. तपासणीच्या आदल्या दिवशी सराव नको. आणि हे सगळ्यांसाठी : एका कानाचं ऐकू येणं एकदम, दिवसभरात गेलं तर 'उद्या बघू' करू नका. त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा. त्यावर औषधं असतात, पण ती लवकर सुरू झाली तरच उपयोगाची. आजीचं कोमट तेल यावरचा उपाय नाही. कानात तेल घालू नका.

आता प्लग. फोमचा बोळा वाईट नाही, तो घालायला कोणी शिकवत नाही ही अडचण आहे. कोरड्या, स्वच्छ बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा. डावा कान असेल तर उजवा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. मग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. आरशात समोरून पाहिलं तर तो बाहेर डोकावता कामा नये. अर्धवट घातला तर 'इतके डेसिबल कमी होतील' म्हणून पाकिटावर छापलेला २९ चा आकडा कागदावरच राहतो. नीट घालूनही प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच धरा. कापूस तर जवळजवळ काहीच अडवत नाही.

तुम्हाला श्वास आणि काडी कवटीत ऐकू आली, तेही अर्धवट घातल्याचंच लक्षण आहे. नळीचं तोंड बंद केलं की हाडांतून आलेला आवाज आत अडकून घुमतो. प्लग खोल गेला की हे घुमणं कमी होतं. 'गोधडी'चं कारण वेगळं. फोम वरचे स्वर जास्त कापतो, खालचे कमी. म्हणजे ढोल उरतो आणि ताशा जातो. तुमच्यासाठी तर हे उलटंच झालं.

फिल्टरवाल्या प्लगमध्ये मधोमध एक बारीक वाट आणि पडदा असतो. तो सगळे स्वर जवळपास सारख्या मापाने खाली आणतो. आवाज लहान होतो, ताशा ताशाच राहतो. तयार मिळतात ते तीन चकत्यांचे, सिलिकॉनचे. त्याहून चांगले म्हणजे तुमच्या कानाचं माप घेऊन ओतलेले, त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बसवता येतो. ताशासाठी मी ९ चा देणार नाही. हिशेब बघा : १०९ मधून खरोखर १५ गेले तर ९४ उरतात, म्हणजे एक तास. २० गेले तर ८९, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. तुमचा सराव सव्वादोन तासांचा, शिवाय फोनचा आकडा कमी दाखवत असू शकतो. मापाचे, २५ चे घ्या. त्याला काही हजार लागतील. तोवर फोम, पण नीट घातलेला.

मिक्सर

मी कार्यक्रमांचा ध्वनी सांभाळतो, ठाण्यात असतो. वर सगळं बरोबर सांगितलंय, दोनच गोष्टी जोडतो.

एक, टोलची जागा बदला. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. एका मीटरवरचा टोल चार मीटरवर नेला तर त्याचे बारा गेले, एक पैसा न खर्चता. पुलाखाली आवाज परततो म्हणून तेवढे मिळणार नाहीत, तरी मिळतात ते घ्या. पाऊस नसेल तेव्हा पुलाबाहेर वाजवा.

दुसरं, प्लग म्हणजे नवीन वाद्य समजा. स्टेजवरचे वादकही पहिले काही दिवस वैतागतात, कारण स्वतःचा आवाज छोटा वाटला की हात आपोआप जड पडतो. तुम्हीही ताशा जोरात मारायला लागाल. तसं करू नका, मनगटावर विश्वास ठेवा. पहिला आठवडा घरी, ताशावर जाड कापड टाकून प्लग लावून बसा. हात बदलायचा इशारा कानावर ठेवू नका, डोळ्यांवर आणा. काडी वर, ध्वज खाली, काहीही ठरवा, पण सगळ्यांनी बघायचं.

आजोळ

मध्येच विचारते, माफ करा. आमचा आठ वर्षांचा नातू मिरवणूक बघायला जायचा हट्ट धरतो. वडील खांद्यावर बसवतात. डीजेच्या भिंतीसमोरून जाताना तो कानांवर हात ठेवतो, तेवढं पुरे का?

कानगोष्टी

काकू, तो हात ठेवतोय म्हणजे त्याला त्रास होतोय, तिथून लगेच लांब घ्या. मुलांची कानाची नळी लहान असते, मोठ्यांचे बोळे बसत नाहीत. त्याच्यासाठी डोक्यावरून घालायचे कानटोपासारखे मफ मिळतात, लहान मापाचे. खांद्यावर बसवलं की कान थेट स्पीकरच्या उंचीला येतो, म्हणून भिंतीजवळ खांद्यावर नको. अचानक आवाज आला आणि जवळ काही नसेल तर तळहात नाही, बोट वापरायचं. कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने आत दाबून नळीवर घट्ट धरायचा. कापसापेक्षा कितीतरी चांगलं.

पथकातल्या तेरा-चौदाच्या मुलांनाही हेच मफ द्या. फेटा सरावाला नसतो, त्यामुळे अडचण येत नाही.

ताशेवाली

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात, मनापासून आभार.

तीन आठवडे सरावाला फक्त बघायला गेले, तेही पुलापासून लांब, फोम घालून. परवा पुन्हा तपासणी केली. ३५ चा खड्डा आता २५ वर आहे. सूं अजून आहे, पण पंखा लावला की ऐकू येत नाही. पहिल्यासारखं होईल की नाही ते माहीत नाही. कानाचं माप मधल्या काळातच देऊन आले होते. गुलाबी लगदा पिचकारीने कानात भरतात, चार-पाच मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो आणि बाहेर काढला की आपल्या कानाची वाट हातात येते. माझी डावी नळी मध्येच वळलेली निघाली. फोमचा बोळा त्या बाजूला का सरकायचा ते तेव्हा कळलं.

मापाचे प्लग तयार होऊन आले आणि काल पहिल्यांदा ते घालून वाजवलं, पस्तीस मिनिटं. मिक्सरदादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, पहिली दहा मिनिटं मी ताशा फोडायला निघाले होते. मग शेजारच्या ताशाची बारीक काडी ऐकू आली, एकेक दाणा वेगळा. एरवी कडकडाटात ते सगळं एक होऊन जायचं. मला तिथेच रडू आलं.

टोल आता रांगेच्या टोकाला गेलाय. पथकप्रमुखांना मी दोन्ही आलेख दाखवले. ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, माझीही तपासणी करायची आहे, कुठे करायची ते सांग. पुलाखालचा ढोल यांचं 'सात' आणि 'हात' मी त्यांना वाचून दाखवलं होतं. आता आमच्यातले अकरा जण फोम घालतात, झांजवाल्या मुलांसाठी मफ आलेत आणि दर वीस मिनिटांनी पुलाबाहेर जाऊन बसतो.

शेवटचं एकच. विसर्जनाच्या दिवशी फेटा बांधणारे काका पहाटे येतात, फेटा कानांच्या वरच्या कडेवर घट्ट बसतो. मधूनच प्लग काढून घालावे लागले तर काय करायचं?

कानगोष्टी

२५ वर आलात, फार बरं वाटलं. पुढची तपासणी गणपतीनंतर महिन्याभरात करा.

आधी प्लग, मग फेटा. कान वर ओढायला जागा मिळाली पाहिजे, ती फेट्यानंतर मिळत नाही. बांधणाऱ्या काकांना सांगा, कानाची कड मोकळी ठेवा. प्लगना जोडणारी दोरी मागवून घ्या आणि ती मानेमागून कुर्त्याच्या आत सोडा, म्हणजे निसटला तरी रस्त्यात पडणार नाही. काढायचाच झाला तर वाजवणं थांबवून, पथकापासून बाजूला, गल्लीत जाऊन काढा. रांगेत उभं राहून एक कान 'जरा मोकळा' करायचा नाही. घामाने ओले झाले तर कोरड्या रुमालाने पुसून पुन्हा घाला, साबणाने धुणं घरी. आणि कमरेच्या पट्ट्यात फोमच्या दोन जोड्या डबीत ठेवा. एक तुमच्यासाठी, एक ज्याची हरवेल त्याच्यासाठी.