‘युद्धाने वळण घेतलं’ म्हणजे बरं झालं की बिघडलं?

सांजवात: अफगाणिस्तानातल्या युद्धावरच्या एका लेखाचं मराठी करतेय आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडकलेय. नोव्हेंबर २०१७ मध्ये अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल निकोल्सन काबूलहून पत्रकारांशी बोलले, त्यात राष्ट्राध्यक्ष घनींचा हवाला देऊन ‘आपण कॉर्नर वळलोय’ (इंग्रजीत याचा अर्थ वाईट काळ मागे पडला) म्हणाले आणि वर मलाही ते पटतं म्हणाले. मी ‘युद्धाने वळण घेतलं’ लिहिलं. एडिटर म्हणतात, याने परिस्थिती बिघडली असं वाटतं. काय करू?

कानामात्रा: एडिटरचं बरोबर आहे. प्रकरणाने वळण घेतलं म्हटलं की मराठी माणूस वाईट बातमीचीच वाट बघतो. ‘उतार पडला’ घ्या.

उंबरठा: उतार पडतो तो आजाराला, युद्धाला नाही! शिवाय आमचे आजोबा थर्मामीटर बघितल्याशिवाय ‘उतार पडला’ म्हणत नसत, कपाळाला हात लावून कोणी म्हटलं तर चिडायचे. इथे थर्मामीटर म्हणजे किती जिल्हे काबूल सरकारच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली आहेत तो आकडा. तो २०१५ च्या अखेरीला ७२ टक्क्यांच्या आसपास होता, ऑक्टोबर २०१८ ला ५४ च्या आसपास आला, आणि २०१९ मध्ये अमेरिकी लष्कराने हे मोजणंच बंद केलं. ताप चढतोय म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवायचा आणि उतार पडला म्हणायचं, हा शब्दाचाही अपमान आहे.

कानामात्रा: पण जनरल आशेनेच बोलले ना, मग अनुवादातही आशाच दिसली पाहिजे, आपलं मत त्यात घुसडायचं नाही.

पानगळ: मग ‘विजय टप्प्यात आलाय’ करा. टप्पा मूळचा बंदुकीचा असणार, शिकार टप्प्यात आली म्हणतात तसा.

उंबरठा: टप्पा चेंडूचाही असतो आणि प्रवासाचाही, त्यातला मूळचा कोणता कसं ठरवणार? आणि विजय टप्प्यात आल्याचं व्हिएतनाममध्येही सांगून झालंय. नोव्हेंबर १९६७ मध्ये तिथले अमेरिकी सेनापती वेस्टमोरलंड म्हणाले शेवट दिसू लागलाय, जानेवारी १९६८ च्या अखेरीला टेट सणाच्या वेळी उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँगचा मोठा हल्ला झाला, सायगावमधल्या अमेरिकन दूतावासाच्या आवारात लढाई. म्हणून मला या सगळ्यात ‘प्रगती’ शब्द सगळ्यात जास्त खुपतो. मराठीत लगेच विचारतात, कशात प्रगती? गणितात की भाषेत? युद्धाच्या बातमीत तेवढं कोणी विचारत नाही आणि माणसं मरत राहतात.

कानामात्रा: प्रगती म्हणजे पुढे जाणं. प्र आणि गती. संस्कृत शब्दाला दोष देऊ नका. सैन्यासाठी ‘आगेकूच’ आहेच.

पानगळ: आगेकूच मधला कूच फारसी! शुद्ध हवं तर ‘प्रयाण’ म्हणा. मला तरी ‘कॉर्नर वळलो’ असंच ठेवलेलं चालेल, सगळ्यांना कळतं.

सांजवात: कळतं, पण कुठल्या बाजूला वळलो ते नाही कळत. अमेरिकेचे अफगाण खर्चाचे महानिरीक्षक सोप्को २०२१ मध्ये बोलले होते की इतके कॉर्नर वळलो की ३६० अंश फिरलो, भोवऱ्यासारखे झालो. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला काबूल पडलं. तिथे ‘भोवरा’ मराठीत इतका चपखल बसतो की निकोल्सनच्या वाक्यातही ‘वळण’च ठेवावं वाटतं, नाहीतर पुढचा भोवरा तुटतो.

कानामात्रा: भोवरा पाण्यातलाही असतो, गरगरा फिरवून बुडवणारा. कोणता अर्थ घेताय ते ठरवा आधी.

पानगळ: पाण्यातला तो भोवरा आणि खेळातली ती भिंगरी ना?

उंबरठा: भिंगरी वेगळी!