दोन वॉर्निंगनंतर थेट चार्जशीट, असं करता येतं का?

चाकण_सेकंडशिफ्ट
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. माझ्याच लाइनवरचा मित्र, ११ वर्षं पर्मनंट, कामात एक नंबर. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला यायला वीस-पंचवीस मिनिटं उशीर व्हायचा. सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं, तो म्हणायचा ये रे, बघू. पण आठ महिन्यात दोन वॉर्निंग लेटर आली आणि ह्याने उत्तर काही दिलं नाही, दोन्ही पाकिटं टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली तशीच पडलेली, ऑइलचे डाग पडलेले, एक तर फोडलंही नव्हतं. मागच्या महिन्यात सुपरवायझरशी आवाज चढला आणि दुसऱ्या दिवशी गेटवरच चार्जशीट (कंपनीचं आरोपपत्र), सवयीचा उशीर आणि बेशिस्त, चौकशी होईपर्यंत सस्पेंड. ह्याने लेटर घेतलं नाही, मग ते रजिस्टरने घरी आलं.

आधी तोंडी, मग लेखी, मग चार दिवस सस्पेन्शन, मग शेवटी काढणं अशा पायऱ्या असतात ना? मधली पायरी गाळता येते का? आणि तो जुन्या युनियनचा मेंबर आहे, कंपनीत मान्यता दुसऱ्या युनियनला आहे, त्यामुळे त्याच्यामागे कोणी उभं राहीना. तो म्हणतो इन्क्वायरीला जायचंच नाही, सगळं ठरलेलंच आहे. मला झोप लागत नाहीये हो, घरी आजारी वडील आणि दोन शाळेतली पोरं.

सातपूरचा_फिटर
भाऊ, पहिलं काम, त्याला इन्क्वायरीला पाठवा. मी नाशिकला बारा वर्षं युनियनच्या कमिटीत होतो, जेवढी माणसं घरी बसलेली पाहिली त्यातली निम्मी तरी न गेल्यामुळे बसली. गैरहजर राहिला की एकतर्फी चालते, कंपनीचे साक्षीदार सांगतील तेच कागदावर राहतं आणि पुढे कोर्टात तोच कागद समोर येतो.

लेटर नाकारू नका कधीच. नाकारलं की वॉचमन आणि टाइमकीपरच्या सह्या घेऊन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतात, तो माणूस उद्धट दिसतो. घ्यायचं, ‘मजकूर मान्य नाही, प्रत मिळाली’ लिहून तारीख टाकून सही करायची आणि दोन दिवसात उत्तर द्यायचं.

आता पायऱ्यांचं. मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये (म्हणजे कारखान्यातल्या नोकरी-शिस्तीच्या सरकारी नमुना नियमांत) समज, दंड, चार दिवसांपर्यंत सस्पेन्शन, बडतर्फी अशा शिक्षा लिहिल्यात, पण एकापाठोपाठ एकच द्यायची असं नाही. मारामारी किंवा चोरी असेल तर पहिल्याच वेळी काढू शकतात. पण उशिरासारख्या गोष्टीत ‘सवय’ सिद्ध करावी लागते, आणि शिक्षा देताना गुन्हा किती मोठा, मागचं रेकॉर्ड कसं, हे बघावंच लागतं. त्याची ११ वर्षं इथेच उपयोगी पडतील. आणि आत्ता झालंय ते सस्पेन्शन शिक्षा नाहीये, चौकशीपुरतं आहे, त्या चार दिवसांशी त्याचा संबंध नाही. पहिले ९० दिवस निम्मा पगार मिळायला पाहिजे, पुढे त्याच्यामुळे चौकशी लांबली नसेल तर ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कोड (औद्योगिक संबंध संहिता) आलाय त्यातही हा हिशोब तोच आहे.

एचआरवाली_पुणे
मी दुसऱ्या बाजूची, तरी बोलते कारण मला हे मनापासून लागलं. ज्या माणसाला उशिराचं कारण विचारलंच नाही त्याला दोन लेटर देऊन सवयीचा ठरवणं म्हणजे पायऱ्या चढवणं नव्हे, नुसती फाइल जाड करणं आहे. वॉर्निंगचा अर्थ असा की सुधारायला वेळ दिला, मदत केली, शिफ्ट बदलून पाहिली, आणि तरी नाही जमलं. सुपरवायझरच्या तोंडी परवानगीचे साक्षीदार असतील तर आत्ताच नावं लिहून ठेवा, लाइनवरचं कोणीतरी ऐकलं असेलच. डायलिसिसच्या तारखांचा कागद हॉस्पिटलमधून घ्या आणि पंचिंगच्या तारखांशेजारी लावा. दोन्ही रकाने जुळले की वेगळं काही बोलायची गरज पडत नाही. नवीन कोडमध्ये सस्पेन्शनपासून साधारण ९० दिवसात चौकशी संपवायची असं आहे, तेही लक्षात ठेवा.

लेबरकोर्ट_रोजचे
वकिली करते, थोडक्यात लिहिते. जुन्या युनियनचा प्रश्न सुटतो. १९७१ चा आपला महाराष्ट्राचा कायदा, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, त्याच्या कलम २२ मध्ये मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या मेंबरच्या वतीने खात्यांतर्गत चौकशीत उभं राहायचा हक्क आहे. त्यांच्या पदाधिकाऱ्याला आजच लेखी पत्र द्यायला लावा.

चौकशीत रोजच्या कामकाजाची प्रत मागायची, सुपरवायझरची उलटतपासणी करायची आणि न वाचता सही करायची नाही. जुन्या वॉर्निंग शिक्षेसाठी वापरणार असतील तर तसं आधी सांगून बाजू मांडायची संधी द्यायला पाहिजे. आणि समजा काढलंच, तर त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात पहिल्याच कलमात आहे, किरकोळ किंवा तांत्रिक चुकीला मागची नोकरी न बघता धक्कादायक जास्त शिक्षा देणं ही अनुचित प्रथा आहे. तक्रार ९० दिवसांच्या आत लेबर कोर्टात करायची, ही मुदत घरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. सगळ्यात आधी कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डरची मराठी प्रत मिळवा, गेटजवळच्या बोर्डावर लावलेली असायला पाहिजे.

चाकण_सेकंडशिफ्ट
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री त्याच्या घरी गेलो, ती पाकिटं टूलबॉक्समधून आणून पुसून फोडली. पहिल्या वॉर्निंगमधल्या चारही तारखा मंगळवार आणि शुक्रवारच्या निघाल्या, म्हणजे डायलिसिसच्याच. वहिनी हॉस्पिटलची फाइल शोधून घेऊन आल्या. जुन्या युनियनचे सेक्रेटरी यायला तयार आहेत. चार्जशीटचं उत्तर सकाळी आम्ही दोघांनी बसून लिहिलंय, आज पोचपावतीसह देतोय. बुधवारी अकराला पहिली तारीख आहे, तो जाणार. मी रजा टाकलीय, बाहेर बाकड्यावर बसेन.