भारतीय जेवणाची ओळख एकाच गोष्टीने करून द्यायची, तर ती फोडणी. पटतंय का?

वरणभात
आमच्या ऑफिसात (जर्मनी, श्टुटगार्टजवळ) सध्या दर शुक्रवारी कुणीतरी आपल्या देशाच्या जेवणाची ओळख करून देतं. माझ्या वाट्याला अर्धा तास आला. नकाशा, उत्तर-दक्षिण, मसाल्यांचे फोटो यातलं काही केलं नाही. एक इंडक्शनची शेगडी, एक कढलं आणि तुरीच्या वरणाची दोन भांडी घेऊन गेलो. दोन्हींत फक्त हळद आणि मीठ.

पहिल्या भांड्यातलं चाखायला दिलं. सगळे सभ्यपणे "छान" म्हणाले. मग तूप तापवलं, आधी मोहरी, ती पुरती तडतडल्यावर जिरं, शेगडी बंद करून हिंग आणि शेवटी कढीपत्ता. दुसऱ्या भांड्यात चर्रर्र केलं आणि लगेच झाकण ठेवलं. मिनिटाने झाकण काढलं तेव्हा शेजारच्या खोलीतलेही डोकावून गेले.

माझं म्हणणं एवढंच. मसाल्यांचा बराचसा वास पाण्यात नीट उतरत नाही, स्निग्धात उतरतो, आणि हे आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. छौंक, तडका, वघार, ओग्गरणे, पोपु, ताळिप्पु... एका कृतीला इतक्या भाषांत घरचा शब्द आहे. षड्रस आणि छप्पन्न भोग नंतर सांगता येतील.

तिरफळ
साफ असहमत. धागाकर्ते बहुतेक घाटावरचे.

आमच्याकडे बांगड्याचं हुमण होतं त्यात फोडणी कुठेच नाही. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच असं पाट्यावर गंधासारखं वाटायचं, पाणी घालून उकळायचं, बांगडे आणि ठेचलेली तिरफळं सोडायची. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल. कच्चं! तापवलंत तर मजा गेली. आता हे भारतीय जेवण नाही का?

पाटावरवंटा
वरणभात, +१. तुमच्या मुद्द्याला थोडा आधार देतो. २०१५ साली आयआयटी जोधपूरच्या संशोधकांनी अडीच हजारांवर भारतीय पाककृती तपासल्या. पाश्चात्त्य पाककृतींत साधारणपणे ज्या पदार्थांचे गंधरेणू जुळतात ते एकत्र येतात. आपल्याकडे उलट निघालं, न जुळणारेच शेजारी बसतात, आणि हे मुख्यतः मसाल्यांमुळे होतं. म्हणजे ओळख मसाल्याचीच, आणि मसाला खुलतो फोडणीत.

ब्रह्मपुत्रेकाठी
त्या अभ्यासातल्या पाककृती तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या होत्या, हेही सांगा की. शाकाहारी, शहरी, बराचसा पश्चिम आणि उत्तर भारत. त्यातून 'भारतीय' हा निष्कर्ष काढणं म्हणजे दादरच्या भाजीमार्केटात उभं राहून देशाचं पीकपाणी सांगण्यासारखं.

नोकरीनिमित्त गुवाहाटीत सहा वर्षं काढली. शेजारी मणिपुरी कुटुंब होतं. त्यांचा इरोम्बा म्हणजे उकडलेला बटाटा किंवा भाज्या, मिरच्या आणि आंबवलेली नगारी मासळी, सगळं एकत्र कुस्करलेलं. तेलाचा थेंब नाही. आसामी घरांत जेवणाची सुरुवात खारने. केळीच्या सुकवलेल्या सालीची राख पाण्यात भिजवून गाळतात आणि ते पाणी भाजीत घालतात. ती क्षारी चव तुमच्या सहा रसांपैकी कुठल्या खान्यात टाकणार? पहिल्यांदा मला साबण लागला होता. तिसऱ्या महिन्यात मागून घ्यायला लागलो.

बाजारहाट
फोडणीतलं हिंग तरी आपलं कुठे आहे? अफगाणिस्तान-इराणकडून येतं. मिरची आणि बटाटा पोर्तुगीजांनी आणले, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. ओळख कसली करून देताय, आयात मालाची?

वरणभात
@बाजारहाट, २०२० मध्ये लाहौलच्या खोऱ्यात हिंगाची रोपं लावली आहेत, धीर धरा. आणि माल कुणाचा हा प्रश्नच नाही, त्याचं काय केलं ते बघायचं. त्याच बटाट्याची जर्मनीत सॅलड होते आणि आपल्याकडे मोहरी-हळदीत परतून डोशात जाते.

@ब्रह्मपुत्रेकाठी, तुमचा मुद्दा मात्र लागला. खार मी कधी चाखलेलाच नाही.

आमसुली
सगळेच तेलाभोवती फिरताय. मला विचाराल तर हा देश आंबटावरून वाचता येतो. कुठल्या घरात आंबटासाठी काय घालतात ते सांगा, मी प्रांत सांगते. आमसूल पडलं की कोकण. कैरी सुकवून आमचूर, तो उत्तरेकडे. आंध्रात अंबाडी, पंजाबात अनारदाणा, तमिळ रसमात चिंच. आणि गंमत म्हणजे आपलं कोकम, केरळची माशात पडणारी कुडमपुळी आणि आसामचा थेकेरा ही तिन्ही एकाच गोत्राची, गार्सिनिया. तीन टोकांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच कुळातली फळं वाळवून ठेवली.

आंबटामुळे पदार्थाचा वेळही ठरतो. आमटीत चिंच आधी घातली की डाळ शिजायला रडते, म्हणून आई ती शेवटी घालायची. हे कुणी शिकवलं नाही, तिने दोनदा डाळ खडखडीत ठेवून शिकलं असणार.

वऱ्हाडी ठेचा
अवांतर: सहा रस समजावताना जपून. आयुर्वेदातला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपण मराठीत 'कटु'चं 'कडू' करून टाकलं. मी एका पाहुण्याला मिरी कडू आणि कारलं तिखट असं सांगून मोकळा झालो होतो.

तिरफळ
@आमसुली, आंबट मान्य. पण वास? तिरफळाशिवाय बांगडा म्हणजे नुसतं आंबट पाणी.

वरणभात
बरं, माघार पूर्ण नाही, अर्धी. 'एकच गोष्ट' हे शब्द मागे घेतो. शेगडीसमोर अर्धा तास मिळाला तर अजूनही फोडणीच करेन, कारण ती डोळ्यांदेखत घडते. खार दाखवायचा तर आदल्या दिवशी राख गाळत बसावं लागेल. पण पुन्हा संधी मिळाली तर दोनऐवजी तीन भांडी. तिसऱ्यात हुमण, बिनफोडणीचं. फक्त इथे तिरफळं मिळत नाहीत. चिनी दुकानात सिचुआन मिरी दिसते, ती त्याच कुळातली म्हणे. चालेल?

तिरफळ
चुलत बहीण आहे, सख्खी नव्हे. जिभेला मुंग्या येतील, पण आपला तो वास येणार नाही. त्यापेक्षा कुणी गोव्याहून येत असेल तर मूठभर सुकी मागवून घ्या. आतली काळी बी काढून टाका, कचकच लागते. आणि बांगडा ताजा नसेल तर हुमणाचं नाव घेऊ नका.