१४ मुलं आणि एक संध्याकाळ: बालकलाकारांच्या सभेचा क्रम कसा लावावा?

खान्देशी_सूर
चोपड्यात जानेवारीत उघड्या मैदानावर बालकलाकारांची सभा ठेवतोय. १४ मुलं: १० गायन, २ बासरी, २ तबला सोलो. वेळ ६ ते १०. प्रत्येकी १० मिनिटं दिली तर बसेल का? साऊंड गावातलाच, लग्नांना लावतो तो.

डग्गा
१० मिनिटं पुरतात, वेळ खातं ते मधलं. पट्टी (गाणाऱ्याचा सा) बदलली की तबला परत लावायचा; प्रत्येक वेळी ५ मिनिटं धरा, ७० मिनिटं नुसती हातोडीची. म्हणून क्रम वयाने नको, पालकांच्या वशिल्याने तर नकोच. पट्टीने लावा. काळी एक-दोनवाले (म्हणजे पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या स्वरावर सा असलेले) सलग, मग काळी चार-पाचवाल्या मुली. तबले दोन ठेवा: खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा, वरच्या पट्टीला लहान. एकच तबला काळी एकवरून काळी चारवर ओढाल तर पुडी (तबल्याचं कातडं) जाईल.

फॉर्मवर राग, ताल, लय, पट्टी लिहून घ्या, नाहीतर ओळीने सातदा भूप राग ऐकावा लागेल. आवाज फुटायच्या वयातल्या पोरांना पट्टी आठवडाभर आधी पुन्हा विचारा.

तापीकाठ
तबला खोलीत लावून आणू नका. हॅलोजनखाली पुडी तापली की स्वर चढतो, दव पडलं की उतरतो, आणि पेटी आपली जागच्या जागी. दिवे लावून अर्धा तास तबले स्टेजवर राहू द्या, मग लावा. बासरी गार असली की उतरलेली बोलते. आधी चार-पाच मिनिटं फुंकून घ्यायला सांगा.

साऊंडवाल्याला आगाऊच बजावा भो: एको बंद, बास खाली. मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीमागे, गाणाऱ्याकडे तोंड करून. मुलं घाबरून मागे सरकतात, ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिट्टी वाजते. माइक तोंडापासून वीतभर. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासमोर माइक नको, त्याची वायर थेट मिक्सरला. लाइट गेली तर तो बंद पडतो, म्हणून मोबाइलवर तानपुरा तयार ठेवा.

खान्देशी_सूर
भारी! आणि सत्कार? पाहुणे तिघं आहेत.

डग्गा
सुरुवातीला नकोच, पहिली तीन मुलं त्यातच संपतील. पट्टीच्या दोन गटांच्या मध्ये ठेवा. तिकडे हार-श्रीफळ, इकडे दुसरा तबला लागतो. भाषण एकच. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, त्यामुळे शेवटचं मूल पावणेदहाला उठलंच पाहिजे. पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या, स्टेजवरच ठेवा.