रोमन ‘दोस’ला हुंडा म्हणावं का?

माजघर: सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळातल्या बायकांवरचा लेख मराठीत आणते आहे. ‘दोस’पाशी अडकले. लग्नात मुलीचा बाप नवऱ्याला जमीन, गुलाम, रोकड देई, ती दोस. मी ‘हुंडा’ लिहिलं. लेख तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘स्त्रीधन’ केलं. मला दोन्ही खटकतात. काडीमोड झाला की दोस परत करावी लागे. सिसेरो तर लेकीची, तुलियाची दोस जावयाला, दोलाबेलाला हप्त्यांनी देत होता; संसार विस्कटत चालला तरी पुढचा हप्ता द्यावा की नाही, हा घोर त्याच्या पत्रांत दिसतो.

नदीकाठ: स्त्रीधन साफ चूक. दोस नवऱ्याच्या ताब्यात जाई, उत्पन्न तोच खाई. सिसेरोची बायको तेरेंतिया हिच्या मालकीचं स्वतःचं रान होतं, त्याला स्त्रीधन म्हणा.

पाटीपेन्सिल: ‘आंदण’ का नको? आमच्याकडे आजी आंदणात आलेली भांडी अजून वेगळी काढून दाखवते. ‘आनंदाने दिलेलं’ म्हणून आंदण, असं वडील सांगत.

नदीकाठ: ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून वाटते. शिवाय ‘भूखंड आंदण दिला’ म्हणजे कायमचा देऊन टाकला. दोस नेमकी उलट. जमीन लगेच परत, रोख रक्कम वर्षाला एक अशा तीन हप्त्यांत.

शब्दवेल्हाळ: धर्मशास्त्रात ‘यौतक’ हा शब्द आहे. लग्नात वधूवर एकत्र बसलेले असताना मिळालेलं धन. आपल्याकडे शब्द असताना लॅटिन कशाला घोळवायचं?

माजघर: यौतक किती वाचकांना कळेल? आणि तेही स्त्रीधनातच मोडतं ना? म्हणजे पुन्हा तिथेच आलो.

शब्दवेल्हाळ: वाचकाला कळत नाही म्हणून शब्द टाकत गेलो तर उरेल काय? वापरला की रुळतो.

मांडवीकाठ: गोव्यात आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजी हुंड्याला ‘दोत’ म्हणायच्या. पोर्तुगीज ‘दोते’, तो या लॅटिन शब्दाचाच वंशज. तुमचा शब्द आपल्या किनाऱ्यावर कधीच उतरला आहे! ‘दोस’च ठेवा, एकदा समजावून सांगा.

पाटीपेन्सिल: मी हुंड्याच्या बाजूने. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यानुसारही घेतलेला हुंडा त्या मुलीच्या हवाली करावाच लागतो. मग ‘परत मिळे, म्हणून हुंडा नव्हे’ हे कसं?

माजघर: कायद्यात आहे, पण ‘हुंडा’ ऐकल्यावर ते कुणाच्या मनात येतं? आपल्या कानाला तो शब्द छळासकटच येतो. रोममध्ये दोस परत करायची टांगती तलवार नवऱ्यावर असे. मोठी दोस आणणाऱ्या बायकोला टाकणं महागात पडे. दोष बायकोचा ठरला तर मात्र दर मुलामागे सहावा हिस्सा नवरा राखून ठेवी, जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत. मला हे सगळं एका शब्दात हवं आहे.

नदीकाठ: एका शब्दात मावणार नाही. ‘परतीचा हुंडा’?

शब्दवेल्हाळ: ‘परतीचा’ म्हटलं की एसटीचं तिकीट वाटतं. बरं, ‘हुंडा’ मुळात ‘हुंडी’वरून आला का? दोन्हींत रक्कम हातची सुटते.

मांडवीकाठ: हुंडी म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे धाडायची चिठ्ठी. नुसत्या उच्चारसाम्यावर नातं जोडू नका.

पाटीपेन्सिल: पण वऱ्हाडात ‘हुंडं’ ऐकलं आहे, त्याचं काय? त्यावर वेगळा धागा काढू या का?