योरुबा भाषेत एखाद्या शब्दावर जोर देताना वाक्य का बदलते?

प्रश्न:
नायजेरियातील इडोमा ही भाषा ज्या बेन्वे-कांगो भाषाकुळात मोडते, त्याच कुळातील योरुबा मी सध्या शिकत आहे. ‘आदेने पुस्तक विकत घेतले’ हे योरुबात ‘आदे रा इवे’ असे होते, म्हणजे कर्ता, क्रियापद आणि मग कर्म. परंतु ‘पुस्तकच घेतले’ असे म्हणायचे झाले, की ‘इवे नी आदे रा’ अशी सगळी मांडणीच बदलते. मराठीत नुसत्या ‘च’वर भागते, मग तिथे एवढी उलथापालथ का?

प्रतिसाद १:
योरुबात नामांना विभक्तिप्रत्यय लागत नाहीत आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दाच्या जागेवरूनच कळते. त्यामुळे जोर द्यायचा शब्द आरंभी आणून त्याच्या पाठोपाठ ‘नी’ ठेवणे ही मला अतिशय नेमकी सोय वाटते. कर्म पुढे नेले, तर त्याची मूळ जागा रिकामी राहते. कर्त्याच्या बाबतीत मात्र ‘आदे नी ओ रा इवे’ असे म्हणतात आणि रिकाम्या जागी ‘ओ’ हे सर्वनाम येते. बोलताना ‘नी ओ’चे ‘लो’ होते.

प्रतिसाद २:
यात सुराचाही भाग आहे आणि देवनागरीत लिहिताना नेमका तोच हरवतो. ‘विकत घेणे’ या अर्थाच्या ‘रा’चा मूळ सूर खालचा आहे, पण लगेच पुढे नामरूप कर्म आले की तो मध्यम होतो. म्हणून ‘रा इवे’मध्ये सूर मध्यम, तर ‘इवे नी आदे रा’मध्ये पुढे काहीच न उरल्याने पुन्हा खालचा. ध्वनिफीत ऐकताना शेवटच्या ‘रा’कडे अवश्य कान द्यावा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. चोरले नाही, विकतच घेतले, असा क्रियेवर जोर द्यायचा असेल तर?

प्रतिसाद १:
तेव्हा क्रियापदाच्या आद्य व्यंजनाची ‘ई’सह पुनरुक्ती करून ‘रीरा’ हे नाम घडवतात, ते पुढे ठेवतात आणि मूळ क्रियापदही जागेवर राहू देतात: ‘रीरा नी आदे रा इवे’. ‘आदेने काय घेतले?’ हा प्रश्नसुद्धा ‘की नी आदे रा?’ असाच होतो. ‘की’च्या जागी ‘इवे’ ठेवले, की उत्तर तयार.