पिल्लं पाय पसरून बसताहेत, मीलवर्मला काय चारू? (लवकर सांगा)

बोरीवाला: घरी पाळलेल्या मीलवर्म अळ्यांवर कोंबडीची गावरान पिल्लं वाढवतोय. अळ्या टम्म आहेत, पिल्लं तुटून पडतात. पण आता काही पायानं बसली. प्रोटीन तर भरपूर आहे ना, मग कमी काय पडतंय? उद्या बाजार आहे, काय आणू ते आजच सांगा.

तेल्हारेकर: पिल्लं केवढी? अळ्या कशावर? दाणा देता की नुसत्या अळ्या?

खर्राबहाद्दर: भाऊ, टपरीवरचा चुना पाण्यात टाका. आमची आजी हेच करे.

माहुलीची_माय: चुना काहून सांगता राजेहो? खर्र्याचा चुना माणसाचं गलफड जाळते, पिल्लाच्या नरड्याचं काय होईन?

बोरीवाला: महिनाभराची आहेत. अळ्या गव्हाच्या कोंड्यावर. दाणा महागला म्हणून बंद केला, आता अळ्या अन् तांदळाची कणी. शेडमध्येच असतात, बाहेर मुंगूस आहे.

तेल्हारेकर: हे आधी सांगायचं ना! मीलवर्ममध्ये कॅल्शियम नावाला, फॉस्फरस कितीतरी पट. कोंड्याचंही तेच. चारायच्या आधी 24 ते 48 तास, लागतील तेवढ्याच अळ्या चाळून काढा अन् चिक स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या तयार दाण्यात, शिंपल्याची बारीक पूड मिसळून त्यावर सोडा. कॅल्शियम अळीच्या अंगात मुरत नाही, पोटातच राहतं, म्हणून त्यातून काढल्या की लगेच चारा. सगळा डबा त्यावर ठेवला तर अळ्या मरतात. अन् सकाळचं ऊन द्या. ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

बीएसएफवाला: मीलवर्म सोडाच. काळ्या सैनिक माशीच्या अळीच्या कातडीतच कॅल्शियम असतं. माशीची अंडी पाहिजे तर मेसेज करा.

वाशीमचा_पाटील: फुकटची उधई (वाळवी) सोडून डबे कशाले पाळता? मडक्यात शेण-धसकटं भरून वारुळावर पालथं घाला, सकाळी गच्च.

माहुलीची_माय: पराटीजवळची (कपाशीजवळची) उधई नको. 2017 ला यवतमाळात पराटीवरच्या कीटकनाशकाच्या फवारणीनं माणसं गेली, पिल्लायची काय कथा?

वाशीमचा_पाटील: आमचं वावर सेंद्रिय आहे.

माहुलीची_माय: अन् शेजाऱ्याचं?

केशरी_बलक: अळ्यांना झेंडूच्या पाकळ्या चारा, बलकाला असा रंग येतो की बस!

बोरीवाला: अंड्यांना अजून कितीतरी महिने आहेत हो! त्यापेक्षा लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य दिलं तर? कॅल्शियम असतं त्यात.

तेल्हारेकर: अजिबात नको. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम, पिल्लाला एक टक्का पुरे. मूत्रपिंडं खराब होतात. एक पाय पुढं, एक मागं असं बसतात का? मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस दिली होती?

बोरीवाला: नाही, दोन्ही पाय सारखेच. लस कुठली, घरीच खुडूक कोंबडीखाली उबवलीत. अन् शिंपल्याची पूड इथं मिळत नाही.

तेल्हारेकर: मग अंड्याची टरफलं उकळा, वाळवा, मिक्सरमधून पीठ करा. चोच बोटानं दाबून पाहा, रबरासारखी वाकली तर मुडदूस. कणी कमी करून स्टार्टर पुन्हा सुरू करा. बसलेली पिल्लं वेगळी ठेवा अन् एखादं दवाखान्यात दाखवून आणा.

खर्राबहाद्दर: मुंगसाले फासा लावा, पिल्लं उन्हात सोडता येतीन.

माहुलीची_माय: लावा, अन् वनखात्याले घरी बोलवा. जाळी ठोका त्यापेक्षा.